आत्याबाईंचा माईक

आत्याबाई ‘नाही’ म्हणताना कारण सांगत, पण वाईट वाटून घेत नसत. वर्गणी मागणारा असो, लग्न जमवणारा असो की फुकटचा सल्ला देणारा, त्या शांतपणे नाही म्हणत आणि वर चहा विचारत. चौलमध्ये अशी बाई आम्ही पाहिली नव्हती.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती. मी शाळेत नवा मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारी भाड्याने राहत होतो. त्या पूर्वी मुंबईच्या एका स्टुडिओत कोरसमध्ये गायच्या. स्टुडिओ बंद पडला, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या ध्वनिमुद्रकाने आपला रिबन माईक त्यांना दिला. काम संपल्यावर तो नीट झाकून ठेवणाऱ्या त्या एकट्याच होत्या, म्हणून. माईक घेऊन त्या भावाच्या रिकाम्या घरात राहायला आल्या. नवरा आहे की नाही, हे गावाला कळलं नाही. विचारलं त्याला चहा मिळाला.

त्या माईकमध्ये लोहचुंबकांच्या मधोमध ॲल्युमिनियमची एक पट्टी टांगलेली असते, लसणाच्या सालीहून पातळ. आत्याबाईंनी त्याच्यासाठी सुताराकडून उभी पेटी करून घेतली होती. एकही लोखंडी खिळा नाही, सगळे लाकडी खुंट्यांचे सांधे. “आडवा ठेवला की पट्टी झोळ धरते, मास्तर. मग आवाज गेला.” माईकवर जुन्या धोतराची पिशवी असे, आणि ती हळूच काढावी लागे. झटकन काढली तर तेवढ्या वाऱ्यानेही पट्टी हलते. पावसाळ्यात पेटी चुलीमागच्या भिंतीच्या उबेला जाई. विळी, कोयता, खिळ्यांचा डबा यांना त्या खोलीत मज्जाव होता. कुणी माईकमध्ये फुंकर मारली, तर त्याला त्या दिवशी परत माईकसमोर उभं करत नसत.

एवढा सोस कशासाठी? तर गावातल्या मुलींना रेडिओवर गाता यावं म्हणून. देवळाच्या मंडपात त्यांचा वर्ग भरे. मुलींना माईकपासून किती लांब उभं राहायचं, ‘प’ आणि ‘भ’ कसे सांभाळायचे, हे त्या शिकवत. माझ्याकडे काम होतं माईकच्या ॲम्प्लिफायरची बॅटरी उचलून आणायचं. मुलींमध्ये कोळीवाड्यातली हौसा होती. आईकडून ऐकलेले लग्नातले धवले ती अशी गायची की आत्याबाई शिकवायचं थांबवून ऐकत बसत.

मग मंत्री येणार असं ठरलं. किनाऱ्यावर सभा होती. देवळाचे पंच आणि गावचे पुढारी असलेले भाऊसाहेब माईक मागायला स्वतः आले.

“किनाऱ्यावर नाही देणार,” आत्याबाई म्हणाल्या. “तिथला वारा पट्टी फाडेल. आणि आपली काळी वाळू लोहचुंबकाला चिकटते. एकदा आत शिरली की निघत नाही. सभा शाळेत घ्या, मी स्वतः लावून देते.”

“मंत्र्यांना शाळेत बसवू?” भाऊसाहेब हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, “कोळ्यांची पोर मंडपात बसते, त्यावर कुरकुर आहे. मी लोकांना गप्प बसवलंय. तुम्हीही थोडं समजून घ्या.”

“म्हणजे ती तुमच्या मेहेरबानीवर बसते?”

“तसंच समजा.”

“मग नकोच तो मंडप. चहा घेणार?”

दुसऱ्या दिवशी मंडपाला कुलूप होतं. मुली बाहेर घोटाळत होत्या. हौसा रडवेली होऊन म्हणाली, “आत्याबाय, मीच येत न्हाय आता. बाकीच्यांचा वर्ग तरी होऊ दे.” आत्याबाईंनी तिचा हात धरला आणि सगळ्यांना घेऊन त्या सरळ कोळीवाड्यात गेल्या. हौसाचा बाप दारात जाळं विणत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाय, आमचे घरान बसा. म्हावऱ्याचा वास येल, पन उठवनार कोन न्हाय.”

त्या दिवसापासून आत्याबाई रोज भरली घागर न्यावी तशी ती पेटी उभी धरून देवळासमोरून कोळीवाड्यात जात. दुसरी वाट होती, पण ती त्यांनी घेतली नाही. काही घरांनी मुली पाठवणं बंद केलं. ‘बदली करवतो’ असा भाऊसाहेबांचा निरोप मलाही आला. मी आत्याबाईंना सांगितलं. “घाबरलात?” “थोडा.” “मग बॅटरी थोडी सावकाश उचला,” त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी हौसाला रेडिओच्या आवाज-चाचणीचं बोलावणं आलं. पहिल्या वेळी तिला नाकारलं. बाप म्हणाला, पुरे झालं. आत्याबाई म्हणाल्या, “नाही.” दुसऱ्यांदा रेवसहून लाँचने दोघी मुंबईला गेल्या आणि हौसा निवडली गेली.

गावात रेडिओ एकच, भाऊसाहेबांच्या ओटीवर. हौसाचा धवला रेडिओवर लागणार होता, त्या दिवशी संध्याकाळी अख्खा कोळीवाडा घेऊन आत्याबाई त्यांच्या अंगणात उभ्या राहिल्या. “रेडिओ लावा भाऊसाहेब. आमची मुलगी गाणार आहे.” भाऊसाहेबांनी गर्दीकडे पाहिलं. बायका ओटीवर चढून बसल्याच होत्या. त्यांनी रेडिओ लावला. हौसाचा आवाज आला, तशी तिच्या आईने तोंडाला पदर लावला.

“पोरीचा आवाज चांगला आहे,” गाणं संपल्यावर भाऊसाहेब म्हणाले.

“आहेच,” आत्याबाई म्हणाल्या.

आठवड्याभरात मंडपाची किल्ली घेऊन गुरव आला. आत्याबाईंनी त्याला चहा दिला आणि किल्ली परत पाठवली. वर्ग शेवटपर्यंत कोळीवाड्यातच भरला. साठ सालानंतर त्या वारल्या, तेव्हा तिरडीला खांदा द्यायला कोळी आधी पुढे आले, आणि त्यांना मागे व्हा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. वर्ग हौसाने पुढे चालवला. माझी बदली कधीच झाली नाही. माझी मुलगी गाणं शिकली ते हौसाच्याच घरी, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात.