नावेला मालकिणीचं नाव

नवापूरच्या मंदाबाईंच्या बोटीचं नाव मी 'मंदाबाई' करून टाकलं. त्यांच्या बँकेचंही. वारसाचंही.

मी बोईसरला वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. मच्छीमार सोसायटीचा डिझेलसाठीचा ऑनलाइन अर्ज आमच्याकडे होता. अशा अर्जातल्या रकान्यांना कोडमध्ये खूण लावता येते: इथे भरणाऱ्याचं नाव, इथे फोन, इथे पत्ता. मग फोन साठवलेली माहिती स्वतःच भरतो. ज्यांची बोटं चालत नाहीत, त्यांचं टायपिंग वाचतं. मंदाबाईंची बोटं संधिवाताने वाकलेली.

खूण फक्त भरणाऱ्याच्या स्वतःच्या माहितीला लावायची, हे मला ठाऊक होतं. पण घाई होती. ज्या लेबलात 'नाव' दिसलं, त्या सगळ्यांना मी एका फटक्यात तीच खूण चिकटवली. त्यात 'नाव व तिचा क्रमांक' हाही रकाना आला. नाव म्हणजे होडीसुद्धा, हे मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या डोक्यात आलं नाही.

"चेकर काय म्हणतो?" कंपनीच्या सरांनी विचारलं. चेकर म्हणजे अर्ज आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर.

"सगळं हिरवं."

"मग झालं ॲक्सेसिबल. 'अपंगांनाही वापरता येईल' असा बॅज लाव साइटवर."

खूण आहे की नाही, एवढंच चेकर बघतो. ती बरोबर आहे का, हे त्याला कळत नाही. सरांनाही कळत नव्हतं, पण त्यांना केबिन होती.

सोसायटीत डेमो मीच दिला. "एकदा बोट लावा, बाकी आपोआप."

मंदाबाईंनी विश्वासाने बोट लावलं. अर्ज परत आला: या नावाची बोट नोंदलेली नाही. मासेमारीची बंदी उठली, गावच्या बोटी निघाल्या, त्यांची डिझेलविना राहिली. सोसायटीची तक्रार आली.

"वाचून सबमिट करायला नको? यूजर एरर लिही," सर म्हणाले.

मी लिहिलं.

झोप लागेना, तेव्हा नवापूर गाठलं. मंदाबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"तुमीच बोललात ना, बोट लावा? ती बघा, लावलीय किनाऱ्याला. खलाशी गेले दुसऱ्याच्या बोटीवर. आता काय दाबू?"

चुकीच्या खुणा मी काढल्याच होत्या. शेजारी बसून त्यांचा अर्ज पुन्हा भरला. डिझेल मिळालं, खलाशी त्या फेरीला मिळाले नाहीत. हिरवा रंग बघून माणसाने सिग्नल ओलांडावा, अर्ज लोकांत सोडू नये.

उठताना त्या म्हणाल्या, "मीच नीट बगितलं नाय. वाकडा हात माजा, दुसरं काय."

"नाही मंदाबाई. तुमची चूक म्हणून ऑफिसात मीच लिहून दिलंय. ते खोटं आहे. मला माफ करा."