नाव असलेल्या पुस्तकाला सुरी नाही

पुस्तक हातात आलं की बाई आधी ते उघडत नसत. मधलं बोट वाकवून पुठ्ठ्यावर दोनदा टकटक करायच्या, कान जवळ न्यायच्या आणि म्हणायच्या, "थांबा सर, पोट पाहू द्या." कळमन्याच्या बाजारात टरबूज घेणारी माणसं तुम्ही पाहिली असतीलच, अगदी तसं. मग निकाल लागायचा. "जितं आहे," किंवा "गेलं." जितं पुस्तक डाव्या हाताला, गेलेलं उजव्या. ग्रंथपाल मी होतो, पदवीचा कागद माझ्याकडे होता, पण या निकालावर अपील चालत नसे.

हे सगळं शांतपणे लिहीन, असं मी घरी कबूल केलं होतं. ते जमणार नाही. बाईंची आठवण आली की मला राग येतो. वाचनालयाच्या कमिटीचा येतो, बाईंचा येतो, आणि ज्याचा सगळ्यात जास्त येतो त्याच्याकडे यायला थोडा वेळ लागेल.

उत्तर नागपुरातल्या एका जुन्या वस्तीत आमचं वाचनालय होतं. मी महाल भागातून स्कूटरने जायचो. बाई त्याच वस्तीतल्या. दर मंगळवारी पुस्तकबांधणीला यायच्या, सोबत खळीचा डबा, दाभण, दोऱ्याचं रीळ आणि एक सुरी, जिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्यांचं नाव मी इथे देत नाही. नाव घेतलं की त्यांच्यावर हक्क सांगायला चार माणसं उभी राहतील, आणि त्यांतली तीन, पुढे ज्या सोहळ्याचं सांगणार आहे त्यात, खाली मान घालून बसलेली होती.

पहिल्याच महिन्यात आमचं भांडण झालं. उजव्या हाताच्या ढिगातलं एक जाडजूड पुस्तक घेऊन त्या सुरीने त्याचं पोट कापत बसल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. वाचनालयात बसून पुस्तक कापता, लाज वाटत नाही का, असं मी सगळ्यांदेखत विचारलं. त्यांनी हात थांबवला नाही. पुस्तक माझ्यासमोर सरकवलं. ती रेल्वेची वेळापत्रकं होती, कुठल्या जमान्यातली कोण जाणे.

"यातली एक बी गाडी आता सुटत नाही सर," त्या म्हणाल्या. "बसा, पाहा, शिका."

मी बसलो. पहिली चार पानं तशीच ठेवायची. बाकीच्या पानांच्या कडांना पातळ डिंक लावून वर विटा ठेवायच्या. वाळलं की पट्टीने चौकट आखायची आणि एका वेळी दहा-बारा पानं कापत खाली जायचं. घाई केली की कोपरा फाटतो आणि मग पेटीला पेटीपण राहत नाही. बाहेरून पुस्तक, आतून रिकामी पेटी.

या पेट्या वस्तीतल्या बायका घेऊन जायच्या. ज्या घरात पुस्तकाला कोणी हात लावत नाही, त्या घरात याहून सुरक्षित जागा नाही. एका मुलीने परीक्षेचं प्रवेशपत्र त्यात ठेवलं, कारण भाऊ ते फाडीन म्हणत होता. एका सासूने लवंगा ठेवल्या, सुनेला सापडू नयेत म्हणून. पेटीत काय ठेवणार, हे बाई कधी विचारत नसत. पण कुठलं पुस्तक कापायचं, त्याला कायदा होता. वेळापत्रकं, जुनी गाइडं, सरकारी अहवाल यांना सुरी लागायची. पहिल्या पानावर कोणी शाईने नाव लिहिलेलं असेल तर ते पुस्तक वाळवीने अर्धं खाल्लेलं असलं तरी डाव्या हाताला जायचं. "नाव असलेल्याले सुरी नाही," एवढंच त्या म्हणायच्या.

आता कवितेचं सांगतो. बाई शिवायला बसल्या की पुटपुटायच्या. सुई आत गेली की एक ओळ, बाहेर आली की दुसरी. सुरुवातीला मला वाटलं, कोणाला शिव्या देताहेत. काही प्रमाणात ते खरंही होतं. एकदा मी मुद्दाम जवळ जाऊन ऐकलं:

माह्या मायनं विडी वळली,
धूर दुसऱ्यानं ओढला,
खोकला माह्या घरी राहिला.

मी म्हटलं, बाई, हे लिहून ठेवा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच वरमलो. "कागदाचं काय होते थे मी रोजच पाहून राहिली ना सर," त्या म्हणाल्या. कविता तोंडातच ठेवायची, लोकांच्या कानात टाकायची, हा त्यांचा बाणा होता. वस्तीतल्या जयंतीला, लग्नाला, मयतीला त्या उभ्या राहून म्हणायच्या.

आमच्याकडे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला एक मुलगी येत असे. तीच ती प्रवेशपत्रवाली. तिने एकदा आम्हा दोघांना धरमपेठेतल्या एका कॅफेत ओपन माइकला नेलं. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या, विडीची कविता सुरू केली, आणि तिसऱ्या ओळीला समोरची पोरं चुटक्या वाजवू लागली. बाई थांबल्या. टेबलांखाली वाकून पाहिलं.

"इथं कुत्रं आहे का?"

सूत्रसंचालक पोराने समजावलं की आंटी, इथे टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवतात, ती दाद आहे. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहून? हाताले हात लावाले लाज वाटते?" मग मात्र टाळ्या पडल्या. खऱ्या, दोन्ही हातांच्या.

निघताना त्यांचं लक्ष भिंतीवरच्या कपाटाकडे गेलं. छान कातडी बांधणीची पुस्तकं ओळीने लावलेली होती. सवयीने त्यांनी टकटक केलं आणि चेहराच बदलला. नुसते कणे होते, मागे फळी. पुस्तकांचे कणे कापून शोभेला चिकटवलेले. दोन कण्यांवर कुठल्याशा शाळेच्या ग्रंथालयाचे नंबर अजून होते. परतीच्या ऑटोतून उतरताना म्हणाल्या, मी कापलं तर पेटी होते, यांनी कापलं त्याचं काय झालं?

मग वाचनालयाचा हीरकमहोत्सव आला. आमचे अध्यक्ष सिमेंट रस्त्यांचे ठेकेदार. त्यांनी बाईंची एक पेटी कुठेतरी पाहिली आणि त्यांना कल्पना सुचली. पाहुण्यांना शाल-श्रीफळ जुनं झालं. पुस्तकाची पेटी द्यायची आणि पेटीत संत्रा बर्फी. पुस्तकं कुठून आणायची? मागच्या खोलीतलं बंद कपाट होतंच. मला निर्लेखनाची, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांची, यादी करायला सांगितलं.

निर्लेखनाचा साधा नियम आहे. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, उघडून, मगच ते बाद करायचं. मी पंचवीस वर्षं हा नियम दुसऱ्यांना शिकवला. त्या दिवशी मी कपाट उघडलं नाही. कुलूप गंजलं होतं, किल्ली सापडत नव्हती, अध्यक्ष घाईत होते. मी जुन्या नोंदवहीवरून शीर्षकं उतरवली, वर "जीर्ण व निरुपयोगी" असं लिहिलं आणि खाली सही केली.

यादी पेट्यांसाठी बाईंकडे गेली आणि कुलूप त्यांनी तोडलं. त्या कपाटात वाचनालयाची पहिली पुस्तकं होती. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीने वाचनालय उभं करायचं ठरवलं, तेव्हा घरटी एक पुस्तक द्यायचं असा ठराव झाला होता. मिलमधले कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, ज्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं त्यांनीसुद्धा पुस्तक विकत घेऊन दिलं, आणि पहिल्या पानावर कोणाकडून तरी आपलं नाव लिहून घेतलं. एकूण एक पुस्तकावर नाव होतं.

बाई यादी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "सर, कपाट उघडून पाह्यलं होतं का तुमी?"

मी म्हटलं, कमिटीचा निर्णय आहे. प्रश्न काय होता आणि मी उत्तर कशाचं दिलं, ते दोघांनाही कळलं. मी पुढे एवढंही म्हटलं की तुम्हाला जमत नसेल तर दुसरा माणूस बघतील. त्यांनी यादीची घडी घातली, ऑटो बोलावला आणि सगळी पुस्तकं भरून घरी नेली. जाताना जिन्याखालचे काही गठ्ठेही नेले. मी विचारलं नाही.

मला बाईंचा मनापासून राग आला. एवढा कायदा सांगणारी बाई अध्यक्षांनी शब्द टाकल्याबरोबर सुरी उचलते. मी घरी बायकोला म्हणालो, शेवटी सगळे सारखेच. दुसऱ्यावर चिडलं की स्वतःकडे बघावं लागत नाही, याचा अनुभव तुम्हालाही असेल.

सोहळा सकाळी होता. पेट्या आल्या, सुंदर लाल कापडाच्या बांधणीच्या. पाहुण्यांना वाटल्या. मंचावरच्या प्रमुख पाहुण्यांनी कौतुकाने पेटी उघडली आणि त्यांना हसू आवरेना. पेट्या झाल्या होत्या गेल्या खेपेच्या, सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकांच्या. जिन्याखाली पडून होत्या त्या, कोणी फुकटसुद्धा नेल्या नव्हत्या. पहिल्याच पानावर फेटा बांधून उभ्या असलेल्या अध्यक्षांचा पूर्ण फोटो. या वेळी बाईंनी पहिली चार पानं सोडली नव्हती. वर फेटा, खाली बूट, आणि मधल्या अध्यक्षांच्या जागी संत्रा बर्फी.

सभागृहात जी कुजबुज सुरू झाली ती थांबायच्या आत बाई माइकवर आल्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव होतं. "स्थानिक कवयित्री, दोन मिनिटे." झणझणीत काही म्हणू नका, असं त्यांना बजावलेलं होतं. त्यांनी फक्त नावं घेतली. गोदाबाई, विडी वळणारी, एक पुस्तक. शिवराम, मिलमधला, एक पुस्तक. रखमा, धुणंभांडी करणारी, अंगठ्याची, एक पुस्तक. हातात कागद नव्हता. एक नाव, एक श्वास, जणू सुई आत-बाहेर चालली होती. मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्या आपल्या घरचं नाव आलं की उभ्या राहत होत्या. सगळी नावं संपली तेव्हा त्या म्हणाल्या:

"अन् हे सारं रद्दी आहे असं लिहून ज्यानं खाली सही केली, त्याचं नाव..."

आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मग माइक सोडून खाली उतरल्या. लोकांना वाटलं, कविता संपली.

पुढच्या आठवड्यात कमिटीने मला पत्र काढायला सांगितलं की यापुढे आपल्या कामाची गरज नाही. मी काढलं. मंगळवारी बाई आल्या तेव्हा हातात दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. तोवर त्या मला नेहमी सर म्हणत आल्या होत्या.

"याच्यावर बी सही तुहीच का गा?"

मी मान हलवली. त्यांनी दोन बोटांनी पत्रावर टकटक केलं, कान जवळ नेला, आणि डबा-दाभण गोळा करून निघून गेल्या. माझं नाव त्यांना घ्यायचं असतं तर कधीही घेता आलं असतं. त्यांनी ते कधीच, कुठेच घेतलं नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. शिवी दिली असती तर मी उलटून बोललो असतो, दोन दिवस कुढलो असतो आणि सुटलो असतो.

बाई मागच्या हिवाळ्यात वारल्या. शेवटी आपल्या लेकीकडे कामठीला असत. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम वस्तीतल्या बुद्धविहारात होता. मी जाऊ की नको करत गेलो. वंदना झाली. मग एक माणूस उठला, पिशवीतून एक पुस्तक काढलं. नवी शिलाई, नवा पुठ्ठा, बाईंचंच काम. पहिलं पान उघडून तो म्हणाला, "गोदाबाई, विडी वळणारी. माही आजी." खाली बसला. त्याच्यामागे एक बाई उठली. मग एक कॉलेजची पोरगी. तेव्हा मला कळलं की बाईंनी कपाटातलं एकेक पुस्तक शिवून, ज्याच्या नावाचं त्याच्या घरी नेऊन दिलं होतं, आणि देताना कवितेतली त्यांची ओळ त्यांच्याकडून म्हणून घेतली होती. प्रत्येक घराला एकच ओळ येत होती. आज सगळी घरं एका छपराखाली होती.

ओळी संपल्या. शेवटी ती परीक्षेची मुलगी उठली. आता ती नोकरीला आहे. तिच्या हातात पुस्तक नव्हतं. तिने ती ओळ म्हटली, सही करणाऱ्याची, आणि बाई थांबल्या होत्या तिथेच ती थांबली. कोणी टाळी वाजवली नाही. या वेळी संपली असं कोणालाच वाटलं नाही.

माझ्या खिशात त्या यादीची प्रत होती. कित्येक वर्षं होती. मी ती काढली नाही. सतरंजीवर हात टेकून उभा राहिलो आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, त्या पुस्तकांवर लिहिलेलं असतं तसं.