पॅरिसहून आणलेला राग

उत्तमबापू रागावले की आधी फ्रेंचमध्ये रागवायचे. समोरचा नुसता बघत राहिला की आणखी चिडून तेच अहिराणीत सांगायचे. त्यामुळे रनाळ्यात प्रत्येकाला एकच शिवी दोनदा मिळे, आणि पहिल्या वेळी माणूस खुशाल हसून घेई. मी गावच्या शाळेचा एकुलता एक मास्तर. माझ्या वाट्याला इतकं फ्रेंच आलं की त्यातले काही शब्द मला अजून येतात. चारचौघांत वापरत नाही, एवढंच.

पाटलांच्या घरातला हा धाकटा मुलगा चित्रकला आणि घरबांधणी शिकायला पॅरिसला गेला होता. गावाला वाटलं, राजवाडे बांधायला शिकून येईल. बापू परतले ते वह्यांनी भरलेली एक पेटी आणि हा राग घेऊन. आजची नवी कला कुठून उगवली, हा त्यांचा तिथला अभ्यास. त्यांच्या गुरुजींनी त्यांना एका संग्रहालयात नेलं. दूरदूरच्या रानांतल्या, बेटांवरच्या लोकांनी कोरलेले मुखवटे आणि खांब तिथे मांडले होते. गुरुजी म्हणाले, आमच्या चित्रकारांचे डोळे उघडले ते इथे.

"तठे एक लाकडी खांब व्हता, मास्तर," सांगताना बापू माझ्या टेबलावर मूठ आपटत; दौत मी आधीच उचलून ठेवी. "आपला मोलगीकडना डोंगरमा दिसस ना, तसाच! काचना कपाटमा ठेयेल. खाले चिठ्ठी, कलाकार अज्ञात. अज्ञात! खांब उचली लयना, पन कोनी नाव इचारं नही!"

परतल्यावर ते तडक मोलगीकडच्या डोंगरात गेले आणि महिनाभराने दुप्पट संतापून आले. तिथली घरं त्यांनी वहीत उतरवली होती. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, एकही खिळा नाही. सगळं खुंट्यांवर आणि बांधणीवर उभं. घर बांधायचं तर सगळा पाडा मिळून बांधतो. जागा बदलायची तर सगळा पाडा मिळून ते सोडवतो आणि नव्या जागी नेतो. "हाईच तर तठे माले काळा फळावर शिकाडेत!" बापू ओरडले. "आन मी बोटमा बठीसनी गयथू!"

पुढे गावाने शाळेची इमारत बांधायचं काम त्यांच्यावर सोपवलं. बापूंनी डोंगरातून दित्याबाबा नावाचा म्हातारा कारागीर आणि त्याच्या पाड्यावरची वीस माणसं आणली. लाकूड बापूंच्या स्वतःच्या मळ्यातलं. इमारत उभी राहिली, आणि काय सांगू, वारा तिच्यातून विचारल्याशिवाय जात नसे! पण बापूंचे थोरले भाऊ, म्हणजे गावचे पाटील, ती पाहून लालेलाल झाले. "सात समुद्र वलांडीसनी हाऊ भिलसनं झोपडं शिकी उना!" बापू चार दिवस तळोद्याला गेले, तेवढ्यात पाटलांनी शाळेपुढे विटांची भिंत चढवली, तिला कमान काढली आणि कमानीवर चुन्याचे दोन सिंह बसवले. सिंह कसले, जांभई देणारी मांजरं! बापू परतले आणि फ्रेंच सुरू झालं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

तरी बापूंनी ते गिळलं. शाळा सुरू होऊ दे, म्हणाले.

उद्घाटनाच्या दिवशी आत जाजम अंथरलं होतं. दित्याबाबा आणि त्याची माणसं येऊन बसली. पाटलांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, त्यासले भाईर बसाले सांग. पाव्हना येतीन." इथवर मी तुम्हाला मजेने सांगत आलो, पण हे सांगावंच लागेल: मी सांगितलं. माझी नोकरी पाटलांच्या हातात होती. दित्याबाबा उठला आणि उन्हात जाऊन बसला.

बापू आले. त्यांनी बाहेर पाहिलं, आत पाहिलं. "कोनी उठाडं?" सगळे माझ्याकडे बघू लागले.

"तू, मास्तर?" फ्रेंच नाही, आरडाओरड नाही. मग ते भावाकडे वळले. "भाऊ, ज्यानी बांधं त्याले तू भाईर बसाडं. त्यानं नाव तरी माहीत शे का तुले?"

पाटील म्हणाले, "नाव काय करनं शे?"

बापूंनी बाहेर जाऊन दित्याबाबाला काहीतरी विचारलं. म्हाताऱ्याने मान डोलावली. वीस माणसं उठली आणि पाहुण्यांच्या देखत खुंट्या काढू लागली. आधी कौलं, मग कुडाच्या भिंती, मग खांब. "लाकूड मन्हं शे!" बापू गरजले, तेव्हा अडवायला आलेले मागे सरले. दुपारपर्यंत शाळा सहा बैलगाड्यांवर चढली होती. मागे उरली कमान, तिच्यावर दोन सिंह, आणि कमानीतून आरपार दिसणारं कपाशीचं शेत.

ती शाळा दित्याबाबाच्या पाड्यावर पुन्हा उभी राहिली. बापू तिथेच राहून मुलांना शिकवू लागले. दोन महिन्यांनी नोकरी सोडून मीही गेलो. बापू दारातच उभे होते. दित्याबाबा मागून म्हणाला, "येऊ दे त्याले." बापू बाजूला झाले.

"ये," ते म्हणाले. "पन मन्हा राग जायेल नही."

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एका छपराखाली शिकवलं, एका ताटात भाकरी मोडली. बापू तापाने गेले, त्या सकाळी मी त्यांना पाणी पाजत होतो. मी विचारलं, "बापू, आता तरी?"

ते पाणी प्यायले, त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. नाही.