ब्लॉगांचे वाचक नीळकंठराव

नीळकंठ वैरागडे कॉलेजच्या कंप्युटर लॅबमध्ये अटेंडंट होते. मुलं त्यांना अंकल म्हणत, आणि हिंदी साहित्य शिकवणाऱ्या योगिनी मॅडम, घरच्या मराठी म्हणून, नीळकंठराव. नीळकंठरावांचे वडील नागपूरचे. सरकारी कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आले आणि पुढे कोटरा सुल्तानाबादला त्यांनी घर केलं. नीळकंठराव बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले. अनुकंपा म्हणून मुलाला नोकरी मिळाली आणि शिक्षण तिथेच थांबलं. त्याबद्दल ते कधी कुणापाशी बोलले नाहीत.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना योगिनी मॅडमनी वर्गाला नवंच काम लावलं. प्रत्येकाने आपापला ब्लॉग काढायचा. वर्गात जी कथा-कविता होईल तिच्याबद्दल दर आठवड्याला तिथे लिहायचं. वर्षअखेर त्यातले आपल्या पसंतीचे तीन लेख निवडायचे आणि हेच का निवडले ते सांगायचं. हाच पोर्टफोलिओ, आणि बाहेरच्या परीक्षकांचे गुण त्यावरच.

“नीळकंठराव, दर शनिवारी एकदा बघाल का, कुणी लिहिलंय आणि कुणी नाही?” मॅडमनी विचारलं. “मला नुसती यादी दिलीत तरी पुरे.”

यादीसाठी ब्लॉग उघडावे लागत. उघडला की दोन ओळी डोळ्यांखालून जात, मग चार. दिवाळीपर्यंत नीळकंठराव बेचाळीसच्या बेचाळीस ब्लॉग शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागले होते. इंटरनेटवरून जसंच्या तसं उचललेलं त्यांना लगेच कळायचं. एका मुलाने कथेतल्या म्हाताऱ्याच्या चपलांवरच अख्खं पान लिहिलं होतं. शुद्धलेखनाची पार वाट लागली होती, पण ते पान त्यांनी तीनदा वाचलं. खाली मित्रांनी ‘बढ़िया’ लिहिलं होतं आणि अंगठे टाकले होते. एवढा जीव लावून लिहिलेल्याला नुसता अंगठा, हे काही त्यांना पटलं नाही. त्यांनी ‘एक पाठक’ या नावाने खातं उघडलं आणि दोन बोटांनी टाइप करत चपलांबद्दल हिंदीत पाच ओळी लिहिल्या.

मग ते दर शनिवारी लिहू लागले. मुलांना वाटलं, मॅडमच असणार. मॅडमना वाटलं, वर्गातलंच कुणी हुशार असेल. खरं ठाऊक होतं ते फक्त नीळकंठरावांच्या बायकोला, शोभाताईंना.

फेब्रुवारीत वर्गात एक कथा झाली. तिच्यात घरातलं मोठं माणूस जातं. शर्वरी नावाची मुलगी त्या कथेवर फार सुंदर लिहून गेली. अवधपुरीतल्या मराठी घरातली, वडील कारखान्यात टेक्निशियन, वर्गात तोंड न उघडणारी पोर. फक्त शेवटी तिने लिहिलं होतं की माझी आजी गेली तेव्हा मी तिच्या पायांवर डोकं ठेवून तासन्‌तास रडत राहिले. नीळकंठरावांना ती ओळ खटकली. बाकीच्या लेखात एकही शब्द वाढीव नव्हता आणि ही ओळच तेवढी कुणा दुसऱ्याची वाटत होती. त्यांनी लिहिलं, “बेटा, बाकी सब सच्चा है. आखिरी लाइन में दिखावा आ गया.”

पुढच्या शनिवारी शर्वरीचा ब्लॉग उघडला तर तो रिकामा. सात महिन्यांचे सगळेच्या सगळे लेख गायब. पोर्टफोलिओ द्यायला तीन आठवडे राहिले होते.

त्या दिवशी नीळकंठरावांनी डबा तसाच घरी परत आणला. शोभाताईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “कुणाचं माणूस गेलं, त्यावर तुम्ही कशाला बोललात?”

सोमवारी ते मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. “मॅडम, ते एक पाठक मीच. माझ्यामुळे एका मुलीचं वर्ष जाईल. माझी तक्रार वर करायची असेल तर करा.”

“बसा आधी,” त्या म्हणाल्या. “ते चपलांचं तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“मी ते वर्गात वाचून दाखवलं होतं, नीळकंठराव.” मग म्हणाल्या, “तक्रार वगैरे सोडा. शर्वरीशी मात्र तुम्हीच बोला. मी बोलले तर ती मार्कांसाठी ऐकेल.”

दुपारी लॅब रिकामी झाल्यावर शर्वरी आली. नीळकंठरावांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले.

“ते मी लिहिलं होतं बेटा. चुकलं माझं.”

“काका, चुकलं नाही ना, तोच तर प्रॉब्लेम आहे,” ती म्हणाली. “आजी गेली तेव्हा मी रडलेच नव्हते. सगळे रडत होते, आणि मी स्वयंपाकघरात तिच्या डब्यांची झाकणं लावत बसले. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं ते बघत. तुमचं वाचलं आणि वाटलं, आता सबको पता चल गया. मी कशी आहे ते.”

नीळकंठराव आता कुठे खुर्ची ओढून बसले.

“माझे वडील गेले तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो,” ते म्हणाले. “लोक भेटायला येत होते आणि मी मागच्या अंगणात त्यांची सायकल खोलून बसलो होतो. चेन काढली, बेअरिंगचे छर्रे धुतले, तेल दिलं. काका ओरडले, मामा ओरडले. मी उठलो नाही. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं.”

“मग रडलात कधी?”

“दोनेक महिन्यांनी. नोकरीचा कागद हातात आला तेव्हा. वडिलांचं नाव होतं त्यावर.”

शर्वरीने ओढणीने नाक पुसलं. लेख तिने खोडले नव्हते, नुसते लपवून ठेवले होते. तिथेच बसून तिने एकेक करून ते पुन्हा लावले. आजीचा तेवढा ठेवला नाही. तो नव्याने लिहून शनिवारी टाकला. त्यात झाकणं होती, एका बरणीच्या तळाशी राहिलेला मेतकुटाचा चमचा होता आणि रडण्याचा उल्लेखही नव्हता. नीळकंठरावांनी त्याखाली एवढंच लिहिलं, “पढ़ा. धन्यवाद.” आणि पहिल्यांदाच खाली आपलं नाव घातलं, नीलकंठ वैरागडे, कंप्युटर लॅब.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शर्वरीला बरे गुण दिले, सर्वांत जास्त नव्हे. तीन पसंतीच्या लेखांत तिने तो नवा लेख घेतला होता. नीळकंठरावांच्या नावाचा मुलांमध्ये थोडे दिवस गवगवा झाला. काही पोरं लॅबमध्ये येऊन “अंकल, मेरा भी पढ़ लेना” म्हणून जाऊ लागली. मॅडमनी पुढच्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की तुमचे वाचक दोन आहेत, एक मी आणि एक नीळकंठराव.

आता ते निवृत्त झालेत, पण दर शनिवारी मॅडम नव्या ब्लॉगांची यादी पाठवतात. सकाळी बिट्टन मार्केटची भाजी आणून झाली की शोभाताई वाटाणे सोलायला बसतात आणि नीळकंठराव मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवतात. शोभाताईंची मतं सहसा उलटीच असतात. परवा एका मुलाचं वाचून झाल्यावर नीळकंठराव म्हणाले, “ठीक आहे, पण घाईत लिहिलंय.”

“घाईत नाही, उपाशीपोटी लिहिलंय,” शोभाताई म्हणाल्या. “दर चार ओळींनी खाण्यावर येतोय. त्याला विचारा, हॉस्टेलला राहतो का.”

नीळकंठरावांनी चष्मा वर केला आणि लेखाखाली तसं विचारलं.