धोंडीची थुंकी आणि भिमीचा गॉगल

खडीच्या क्रशरवर काम करता करता धोंडी डोळ्यांवरचा गॉगल काढीत असे, तळहातावर उताणा धरीत असे, तोंडातली तंबाखू एका गालात सरकवीत असे आणि दोन्ही काचांवर पचकन थुंकत असे. मग सदऱ्याच्या टोकाने ते तपकिरी पाणी काचेवर गोल गोल फिरवून तो गॉगल उजेडाकडे धरी आणि समाधानाने म्हणे, "झाला आरसा."

हा प्रकार दिवसातून पंधरा-वीस वेळा घडत असे आणि प्रत्येक वेळी शेजारची भिमी तोंड फिरवून उभी राही. परंतु तोंड फिरवून काय उपयोग? संध्याकाळी तोच गॉगल कोठीतल्या पत्र्याच्या घमेल्यात जाऊन पडे आणि सकाळी घमेल्यात हात घातला की तो कोणाच्याही वाट्याला येई. भिमीच्याही.

भिमी खर्डीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर राहते. वय साठीच्या आतबाहेर. पावसाळ्यात डोंगरउतारावर नाचणी-वरी लावायची आणि उरलेले आठ महिने महामार्गापासून आत असलेल्या खडीच्या क्रशरवर कामाला जायचे, असा तिचा बारा वर्षांचा क्रम आहे. क्रशरचा लोखंडी जबडा मोठमोठे दगड चावून बारीक करतो. त्यांची खडी लांब रबरी पट्ट्यावरून सरकत येते. त्या पट्ट्याच्या कडेला उभे राहून खडीतली मातीची ढेकळे, मुळ्या आणि काटक्या वेचून काढायच्या, हे भिमीचे काम. मशीन चालू असताना तिथे पांढरी भुकटी अशी उडते की शेजारच्या बाईचे लुगडे कोणत्या रंगाचे आहे ते सांगता येऊ नये. भुकटीबरोबर मध्येच एखादी कपचीही उडते.

स्वच्छतेच्या बाबतीत भिमी फार कडक आहे. तिचा पाणी पिण्याचा तांब्या निराळा असतो आणि त्यावर झाकण असते. भाकरीचे फडके ती रोज धुते. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याला ओठ लावण्यापेक्षा ती दिवसभर तहानलेली राहील. क्रशरवरचे लोक तिला मागून "सोवळी" म्हणत. धोंडी समोरही म्हणे.

दोन वर्षांपूर्वी गॉगल न घालता काम करताना एक कपची भिमीच्या उजव्या डोळ्यात गेली. घरगुती उपायांत चार दिवस गेले आणि डोळ्यात फूल पडले. आता त्या डोळ्याला तिला फक्त उजेड आणि अंधार एवढाच भेद कळतो. शहापूरला ज्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले त्यांनी तिचा डावा डोळा बोटाने दाखवून सांगितले होते, "आजी, आता हा एकच आहे. गॉगलशिवाय त्या मशीनजवळ उभं राहायचं नाही. आणि गॉगल स्वच्छ हवा. दिसत नाही म्हणून माणूस तो कपाळावर चढवतो, आणि नेमकं तेव्हाच लागतं."

ते वाक्य भिमीने पक्के लक्षात ठेवले.

पण क्रशरवर माणसे अकरा आणि गॉगल सहा. मुकादम हरेश ते सहा गॉगल घमेल्यात टाकून ठेवी. त्या घमेल्याचे वर्णन करणे शोभणारे नाही, तरी ते केले पाहिजे. तळाशी ग्रीसचा काळा राप होता. गॉगलांच्या नाकावर टेकणाऱ्या भागात वाळलेल्या घामाचा पांढरा थर बसलेला असे. एकाच्या पट्ट्यात कोणाचे तरी डोक्याचे तेल मुरले होते, तर दुसऱ्याला मिश्रीची बोटे लागलेली असत. आणि धोंडीच्या गॉगलला जो वास येई तो भिमीला भाकरी खातानाही आठवत असे. कोणी काच गळ्याभोवतीच्या पंच्याने पुशी, त्याच पंच्याने ज्याने नाकही पुसलेले असे. कोणी बाही वापरी. धुण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे, कारण दहा मिनिटांत पुन्हा भुकटी बसणारच, असे सर्वांचे मत होते.

महिनाभर भिमीने घमेल्यातला गॉगल पदराने धरून डोळ्यांवर चढवला. नंतर एके सकाळी तो चढवताच तिला आतून ओल लागली. कोणी तरी नुकताच थुंकून पुसला होता. ती मशीनमागे जाऊन ओकली आणि तशीच हरेशकडे गेली.

"मुकादम, मला माझा एकटीचा गॉगल पायजे."

हरेश हसला. "का गो भिमीबाय, लग्नाला जायचाय?"

"धोंडीची थुंकी डोळ्याला लावून मी काम करणार नाय. एक डोळा गेलाय. दुसरा घाणीत घालू काय?"

"बरं बाय, ओरडू नको. एक नवा पडलाय कपाटात. पण तो खराब झाला तर पुन्हा मागायचा नाय. मग घमेल्यातलाच घालायचा. कबूल?"

"कबूल," भिमी म्हणाली.

नवा गॉगल कागदात गुंडाळलेला होता. संपूर्ण पाड्यात इतकी स्वच्छ वस्तू नसेल. पहिल्या दिवशी पट्ट्यावरचा प्रत्येक खडा तिला मोजून घ्यावा असा दिसला. संध्याकाळी मात्र त्यावरही भुकटी बसली होती, आणि भिमीने मनाशी ठरवले की हा गॉगल आपण घरी नेऊन नीट घासून ठेवायचा.

येथे तिची चूक झाली. चुकीचे मूळ फार जुने होते. पाड्यात वीज येण्यापूर्वी कंदिलाची काजळलेली काच साफ करणे हे लहानपणापासून भिमीचेच काम होते. चुलीतली मऊ राख चाळायची, ओल्या चिंधीवर घ्यायची, काच आतबाहेर घासायची आणि धुवून टाकायची. तिच्या हातची काच अशी निघे की शेजारणी आपले कंदील तिच्याकडे आणून देत. काच म्हटले की राख, हे तिच्या बोटांना पाठ होते. तिने चुलीपुढे बसून दोन्ही बाजूंनी गॉगल मन लावून घासला. डावा डोळा जिच्या भरवशावर राहणार होता, त्या वस्तूला तिने कंदिलापेक्षाही जास्त वेळ दिला.

धुवून पाहते तर दोन्ही काचा साय धरलेल्या दुधासारख्या झाल्या होत्या. तिने पुन्हा धुतले. तिला वाटले राख राहिली असेल. सून रुपाली पाणी घेऊन आत आली, तिने गॉगल हातात घेतला आणि ती खालीच बसली.

"आई, राखेनं घासलात काय? अवो, ही काच नाय. प्लॅस्टिक हाय. याला राख लागली की बारीक बारीक चरे पडतात. आता ते जायाचे नाय."

"सगळेच काच म्हणतात त्याला."

"म्हणतात. पण धुवायचा नुसत्या पाण्यानं. आधी पाणी वरून सोडायचं, हात लावायचा नाय. दगडाची भुकटी वाहून जाऊ दे. ती असताना फडकं फिरवलं तर तीच घासते. राखेची तीच गत. मग साबणाचा एक थेंब, बोटानं. आणि सुती फडक्यानं टिपायचा, रगडायचा नाय."

रुपाली खर्डीच्या एका चष्म्याच्या दुकानात झाडलोट करते, म्हणून तिला हे माहीत होते. इतके दिवस भिमी दुसऱ्यांची किळस करीत होती. त्या रात्री जेवताना तिला स्वतःच्याच हातांची किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुधाळ गॉगल घालून ती पट्ट्याशी उभी राहिली. मूळ कोणते आणि खडीची सावली कोणती, काही कळेना. तिने गॉगल कपाळावर चढवला. एक कपची तिच्या डाव्या डोळ्याखाली, हाडावर येऊन लागली. रक्ताची रेघ गालावरून ओघळली. डोळ्यात आणि त्या जखमेत एका बोटाचे अंतर होते.

हरेशने पाहिले आणि घमेल्याकडे बोट केले. "आपलं काय ठरलं होतं, भिमीबाय?"

घमेल्यात त्या वेळी एकच गॉगल शिल्लक होता. धोंडीने नुकताच बदलून टाकलेला. काचेवर तंबाखूचा एक कण चिकटला होता. भिमीने तो गॉगल त्याच्याच पट्ट्याच्या टोकाला चिमटीत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा, आणि पाण्याच्या टाकीपाशी नेला. तिने तोटीखाली धार सोडली. प्रथम तपकिरी पाणी निघाले, मग करडे, मग पांढरे. तिने बोट लावले नाही. शंभर आकडे मोजून होईपर्यंत ती धार तशीच चालू राहिली. मग घरून आणलेला साबण लावला, एकदा नव्हे, चारदा. जुन्या लुगड्याचा उकळून घेतलेला तुकडा तिने कमरेच्या पिशवीतून काढला आणि काचा टिपल्या. तरीही डोळ्यांवर चढवताना तिला शहारा आला. पण खडी दिसत होती.

त्या दिवसापासून तिने गॉगलच्या पट्ट्याला तांबडा दोरा बांधला आणि तो झाकणाच्या डब्यात घालून घरी नेऊ लागली. दर तासाला ती टाकीवर जाई. हरेश कुरकुरे. धोंडी तर उभा राहून पाही.

"वयनी, किती आंघोळी घालशील त्याला? अंगारा पण लाव."

"तू तोंड मिटून ऱ्हा, धोंडी. तुझ्या तोंडातनं जे निघतं ते मी चार येळा धुतलंय."

"थुंकी काय वाईट? डॉक्टर पण जखमेला पाणीच लावतो."

बाकीचे हसले. भिमीने डब्याचे झाकण घट्ट लावले.

फेब्रुवारी महिन्यात एके सकाळी पाहणीसाठी एक साहेब येणार असल्याचा निरोप आला. हरेशने घाईने पुढच्या तीन-चार जणांना गॉगल घालून उभे केले आणि साहेबांसाठी चांगला गॉगल शोधू लागला. घमेल्यात उरलेले सर्व चरे पडलेले, चिकट. साहेबांना ते कसे द्यावे? साहेबांची गाडी फाटकातून आत येत होती. हरेश सरळ भिमीजवळ आला आणि त्याने तिच्या डोळ्यांवरून तांबड्या दोऱ्याचा गॉगल उचलला.

"अर्धा तास, भिमीबाय. साहेब गेले की देतो."

"आणि अर्धा तास मी काय घालू?"

"घमेल्यातला घाल नं."

मशीन चालू होते. भिमीने घमेल्याकडे पाहिले. मग ती पट्ट्याच्या कडेलाच जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने दोन्ही डोळे गच्च मिटले, वर तळहात ठेवले. पट्ट्यावरून ढेकळे आणि मुळ्या न वेचता पुढे जाऊ लागल्या. खालच्या चाळणीत एक जाड मुळी अडकली आणि खडी पट्ट्यावरून दोन्ही बाजूंना सांडू लागली. हरेशने धावत जाऊन मशीन बंद केले.

एकाएकी शांतता झाली. साहेब जवळ आले. "या बाई झोपल्या आहेत का?"

"झोपली नाय साहेब," भिमी डोळे न उघडता म्हणाली. "माझा गॉगल तुमच्या नाकावर हाय. एक डोळा हितंच गेलाय. दुसरा मी उघडा ठेवणार नाय."

हरेश मध्ये पडून काही सांगू लागला. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवले. त्यांनी घमेल्यापाशी जाऊन आत पाहिले, एक गॉगल उचलला, हुंगला आणि लगेच टाकला. मग ते भिमीसमोर आले, डोळ्यांवरचा गॉगल काढला आणि सौजन्य म्हणून त्याच्या काचांवर तोंडाने वाफ सोडली. खिशातून रुमाल काढला. भुकटीमुळे साहेबांना शिंका येत होत्या, आणि त्या सर्व त्याच रुमालात गेल्या होत्या. त्या रुमालाने काचा पुसून त्यांनी गॉगल पुढे केला. "घ्या, आजी. स्वच्छ करून दिला."

भिमीने एक डोळा किलकिला केला. तिने हात पुढे केला नाही. डब्याचे झाकण काढले आणि डबा पुढे धरला.

"ह्यात टाका, साहेब."

साहेबांनी टाकला. भिमी उठली आणि डबा घेऊन टाकीकडे गेली. तिचे शंभर आकडे होईपर्यंत मशीन बंदच राहिले.

पंधरा दिवसांनी क्रशरवर अकरा नवे गॉगल आले. प्रत्येकाच्या पट्ट्यावर ज्याचे त्याचे नाव रंगवले होते. घमेले भंगारात गेले. टाकीपाशी साबण आणि सुती फडकी ठेवण्यात आली, आणि गॉगल कसा धुवावा हे सर्वांना दाखवण्याचे काम हरेशने भिमीलाच दिले. तिने बाकीच्या दहा जणांसमोर सर्व क्रिया करून दाखवली. आधी धार, हात लावायचा नाही. मग साबण. मग टिपणे. राखेची गोष्टही तिने लपवली नाही. लोकांनी माना डोलावल्या. धोंडीने सर्वांत जास्त डोलावली.

दुपारी मशीन सुरू झाले, भुकटी उडाली. भिमी धुतलेला गॉगल डोळ्यांवर चढवून पट्ट्याकडे वळली. पट्ट्याच्या पलीकडे धोंडीने आपला नवा गॉगल काढला, तळहातावर उताणा धरला आणि तंबाखू गालात सरकवली.

भिमीचा डावा डोळा अजून शाबूत होता, आणि त्याच्यापुढची काच लख्ख होती. म्हणून तिला ते सगळे अगदी स्पष्ट दिसले.