वादळाच्या पिक्चरमधली म्हातारी

लोक भेटायला येतात आणि विचारतात, "शेवटी काय बोलल्या हो वहिनी?" मी मान हलवतो आणि गप्प बसतो. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला बोलवत नाही. तसं काही नाही, मला सांगायची लाज वाटते. माझी बायको कमल जायच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात माझ्याशी जे शेवटचं बोलली, ते एका पिक्चरबद्दल होतं. "म्हातारी होती. तुम्ही बघितलंच नाही," असं म्हणाली. मी म्हणालो, "नव्हती." मग डब्याची पिशवी उचलली, पोरीला बसवलं तिच्यापाशी आणि घरी आलो. सकाळी अंघोळीचं पाणी काढत होतो तेव्हा वैशालीचा, आमच्या मुलीचा, फोन आला. "पप्पा, या..." मी तसाच निघालो. नळ चालूच राहिला. शेजारच्यांनी कुलूप तोडून बंद केला म्हणे, पाणी पार जिन्यापर्यंत गेलं होतं.

ही म्हातारी कोण ते सांगायचं तर आधी आम्ही कोण ते सांगावं लागेल. मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर मार्केट यार्डात टेम्पो चालवला, कांदा-बटाटा वाहिला. कमल शनिवार पेठेत कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये चपात्या लाटायची. पुण्यात मेस रविवारी संध्याकाळी बंद असते. दुपारी पोरांना गोडाधोडाचं घालायचं, भांडी पालथी घालायची, की संध्याकाळ मोकळी. आठवड्यातली तिची तेवढी एकच संध्याकाळ, आणि ती तिनं पिक्चरला दिली होती. मी टेम्पो घेऊन मेसच्या दारात थांबायचो. पदराला पीठ तसंच असायचं. "अहो, चला, सुरुवात चुकेल," म्हणत वर चढून बसायची. साडी बदलायला घरी विश्रांतवाडीला जायचं तर निम्मा पिक्चर गेला, म्हणून आम्ही कधी घरी गेलोच नाही.

तिला प्रेमाचे पिक्चर आवडायचे नाहीत. "त्यांचं ते बघून घेतील," म्हणायची. तिला हवे मोडतोडीचे. पूर, भूकंप, बुडती बोट, आग लागलेली इमारत... साहेबांच्या देशातले, हिंदीत बोलणारे. मला मारामारी आवडायची, पण तिच्या रविवारी तिचंच चालायचं. आणि मत म्हणाल तर तिचं असं असायचं की थेटरातून बाहेर पडणारी माणसं वळून बघायची. एकदा अख्खं शहर पाण्याखाली गेलेलं दाखवलं. सगळे म्हणत होते काय ती लाट, काय ते सीन. ही म्हणाली, "चिखल कोण काढणार आता? ते दाखवलं असतं तर खरं." मी म्हणायचो, "अगं, तीन तास चिखल काढलेला बघायला तिकीट कोण काढेल?" ती म्हणायची, "मी काढीन." मग मी मोठ्यांदा बोलायचो, म्हणजे लोकांना कळावं की हिच्या मताशी माझा संबंध नाही.

वादळाचा पिक्चर आम्ही बघितला तोवर दोघांचीही कामं सुटली होती. जावयानं, नितीननं, मॉलमध्ये नेलं. कमलला तेव्हा धाप लागायला लागली होती, सरकत्या जिन्याची भीती वाटायची, म्हणून लिफ्टनं गेलो. पिक्चरची गोष्ट सांगायची तर चार-पाच तरणी पोरं गाड्या घेऊन वादळाच्या मागं लागतात. लोक वादळापुढं पळतात, हे मागं. आभाळातून सोंड खाली येते, ट्रॅक्टर पतंगासारखा वर जातो, आणि ही पोरं खूश. खुर्च्यासुद्धा हादरत होत्या. मधे एक सीन आहे. शेतात एकटं घर, दारात गाडी उभी, आत एक म्हातारा टेबलाशी बसून जेवतोय. वादळ येतंय. पोरं रस्त्यावरून हॉर्न मारतात, पोरगी ओरडते, बाबा निघा. म्हातारा त्यांच्याकडं बघतो, घास घेतो आणि बसून राहतो. मग घर जातं. वासे, पत्रे, सगळं गरागरा फिरत वर.

बाहेर पडून डोसा खायला बसलो आणि प्रत्येकाचं मत सुरू झालं. नितीन म्हणाला, "पप्पा, ग्राफिक्स काय भारी आहे! एक फ्रेम खोटी वाटत नाही." वैशाली म्हणाली, "ग्राफिक्स भारी, पण स्टोरी कुठं आहे? नुसतं वारा, वारा, वारा." नात म्हणाली, हिरो क्यूट आहे. कमल म्हणाली, "दिवसभर पळतात, पण खातात काय ते एकदा तरी दाखवायचं." मी म्हणालो, "सगळ्यात मूर्ख तो म्हातारा. दारात गाडी उभी. चावी फिरवायची आणि निघायचं. बसलाय जेवत!"

"कसा निघेल?" कमल म्हणाली. "त्याची बायको आतल्या खोलीत होती. पलंगावर. तिला उचलून नेता येत नव्हतं त्याला."

आम्ही सगळे तिच्याकडं बघायला लागलो. कुणाला बायको दिसली नव्हती. "आई, डुलकी लागली असेल तुला," वैशाली म्हणाली. नितीननं मोबाईल काढला. तिकडं लोकांनी मतं लिहिलेली असतात, ती वाचून दाखवायला लागला. कुणी पाच चांदण्या दिलेल्या, कुणी दोन. एकानं लिहिलं होतं, डोळे दिपले, डोकं रिकामं. एकानं लिहिलं होतं, म्हाताऱ्याचा सीन कशाला घातला, काढून टाकला असता तरी चाललं असतं. "बघा आई, एवढ्या लोकांनी लिहिलंय, म्हातारीचं नाव कुणी घेतलेलं नाही," नितीन हसत म्हणाला. ती म्हणाली, "ते वादळ बघत होते." मी म्हणालो, "आणि तू काय स्वयंपाकघर बघत होतीस?" सगळे हसले. तीही हसली. डोसा अर्धा टाकला तिनं, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आज लिहिताना आलं.

त्यानंतर ते भांडण आमच्या घरात राहायलाच आलं. चहा गोड झाला की मी म्हणायचो, "म्हातारी नव्हती." ती म्हणायची, "होती." टीव्हीवर वाऱ्या-पावसाच्या बातम्या लागल्या की, "होती." नेब्युलायझरची वाफ घेता घेता मास्क बाजूला करून, "होती." आमच्यात लाडानं बोलायची पद्धत नव्हती, हेच आमचं बोलणं. ती भांडतेय म्हणजे ठीक आहे, असा माझा हिशेब. म्हणून शेवटच्या संध्याकाळीही ती म्हणाली "होती" आणि मी म्हणालो "नव्हती." मला वाटलं, बरी आहे.

सुतकात घरात टीव्ही लावत नाहीत. कमलची धाकटी बहीण शकू आल्या आल्या टीव्हीवर चादर घालून मोकळी झाली. शकू कडक बाई. भेटायला येणाऱ्यांना पाणी, सतरंजी, रडणं, सगळं वेळच्या वेळी. मला बसायला भिंतीशी जागा दिली होती, तिथं मी बसायचो. एका दुपारी ती भाजी आणायला खाली गेली, वैशाली आत पडली होती. आमच्या आणि शेजारच्या घरात एकच विटेची भिंत आहे. भिंतीपलीकडं वारा सुटला. मग हॉर्न, आणि ती पोरगी ओरडायला लागली. मी तो पिक्चर आवाजावरून ओळखला. शेजारी टीव्हीवर लागला होता.

मला काय झालं सांगता येत नाही. उठलो, चादर ओढली आणि टीव्ही लावला. वैशाली उठू नये म्हणून आवाज बंद ठेवला. चित्र आमच्या घरात आणि वारा शेजारच्यांच्या घरात. म्हाताऱ्याचा सीन येईपर्यंत मी उभाच होतो, मग पुढं सरकून काचेला नाक लागेल इतक्या जवळ बसलो. म्हातारा जेवत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही, त्याच्या मागं बघितलं. मागं एक दार अर्धं उघडं. आत पलंगाचा कोपरा. गोधडी. गोधडीच्या वर पांढरे केस... पापणी लवेपर्यंत. मग घर गेलं. मी मोठ्यानं म्हणालो, "आहे! आहे की गं!" आणि हसलो. टाळीसुद्धा वाजवली असेन.

दार उघडंच असतं सुतकाच्या घराचं. मागं शकू भाजीची पिशवी घेऊन उभी, आणि तिच्या मागं मेसमधल्या दोघी बायका, कमलबरोबर लाटायला बसणाऱ्या, भेटायला आलेल्या. त्यांनी काय बघितलं? बाईचा दहावा व्हायचाय, नवरा टीव्हीपुढं फतकल घालून बसलाय आणि हसतोय. शकूनं बटण बंद केलं. "दाजी, माझी ताई गेलीय. शेजारणीची म्हैस नाही गेली." मी बोलणार काय? पिक्चरमध्ये म्हातारी आहे का बघत होतो? त्या दोघी सतरंजीच्या कडेला टेकल्या आणि पाणीही न पिता उठल्या. जिन्यात एक दुसरीला म्हणाली, "रविवारी हौसेनं यायचे हो न्यायला. हीच हौस का?" मला ऐकू आलं. मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाली असेल. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं होतं.

दहाव्याला ओंकारेश्वरच्या घाटावर गेलो. आम्हाला मुलगा नाही, म्हणून सगळं मीच केलं. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर भिंतीवर चार बसलेले, पण खाली उतरायचं नाव नाही. अशा वेळी गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ती बोलून दाखवतात, शब्द देतात. वैशालीनं शब्द दिला, पप्पांना अंतर देणार नाही. कावळा तिथंच. नितीननं सिगारेट सोडायचा शब्द दिला. तो सिगारेट ओढतो हे वैशालीला तेव्हा कळलं. कावळा तिथंच. शकू कावळ्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. सगळेच बघत होते. त्या मेसवाल्याही आल्या होत्या. मला वाटत होतं, जमीन फाटावी आणि आत जावं. आणि मला काय बोलायचं ते माहीत होतं. तेच तर अवघड होतं. ते बोललं की त्या दिवशीचं सगळं परत निघणार, आणि म्हातारा टीव्हीसाठी चळलाय याच्यावर शिक्का बसणार.

मी हात जोडले. "कमल," म्हणालो, "म्हातारी होती. मी बघितली. तुझं बरोबर होतं."

गुरुजी म्हणाले, "कोण म्हातारी?"

कावळा लगेच उतरला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. उतरला नाही. बराच वेळ वाट बघितली आणि गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तोवर शकूनं मला पायरीवर बसवलं. "काय ते नीट सांगा." मी सांगितलं, पिक्चर, डोसा, भांडण, दवाखाना, भिंतीतून आलेला वारा. ती ऐकत राहिली. म्हणाली, "दाजी, हे त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"आणि आता नाही वाटली?"

"आता जास्त वाटतेय."

ते खरं होतं. टीव्हीची लाज वेगळी, ती लोकांसमोरची, चार दिवसांत विरते. पायरीवर बसून सांगता सांगता मला दुसरं काहीतरी दिसलं होतं. मी ड्रायव्हर माणूस, मला दारातली गाडी दिसली. तिला आतला पलंग दिसला. ज्या बाईला तीन पायऱ्यांवर थांबून श्वास घ्यावा लागतो ती, उचलून नेता येत नाही अशा माणसालाच आधी बघणार. ती मला वर्षभर सांगत होती आणि मी चिडवत होतो. पिक्चरमधला तो मूर्ख म्हातारा बसून राहिला. मी पिशवी उचलून घरी आलो. वैशाली म्हणते, "पप्पा, तुम्हीच बसून राहिला असता तरी ती गेलीच असती." जाऊ दे. गेलीच असती. पण गोष्ट ती नाही.

तेराव्यानंतर शकूनं टीव्हीवरची चादर स्वतः काढली, घडी घातली आणि नितीनला म्हणाली, मोबाईलवर तो पिक्चर शोध. नितीननं सीन काढून दिला. चष्मा पुसून तिनं बघितला, परत बघितला. "नाही हो दाजी," म्हणाली, "उशी आहे ती. पांढरी उशी."

"म्हातारी आहे."

"उशी आहे. वाटल्यास नितीनला विचारा."

"नितीनला काय कळतंय? तो वादळ बघतो."

आता शकू आली की आमचं हे असतं. ती उशी म्हणते, मी ऐकत नाही. वैशाली मात्र सारखी म्हणते, आतली आईची कॉट आता काढून टाकू, जागा मोकळी होईल, तुम्हाला फिरायला बरं. मी काढू देत नाही. गोधडी तशीच आहे, उशी तशीच आहे. ताट घेऊन बसतो तिथून आतल्या खोलीचं दार दिसतं, अर्धं उघडं. पूर्वी मी टीव्हीकडं तोंड करून जेवायचो आणि आतून ती विचारायची, भात वाढू का, तर मान न वळवता हात हलवायचो. आता टीव्हीकडं पाठ करतो. जेवण होईपर्यंत आत बघत बसतो.