लेकीच्या हातचं पाणी

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते श्रद्धा मगदूमच्या बाबतीत तिच्या घरातच खरं ठरलं. अळीला आजार कसा होतो आणि तिचं एवढंसं शरीर त्याच्याशी कसं झुंजतं, या अभ्यासात तिने उमेदीची सारी वर्षं घातली. हलक्या आजारातून उठलेली अळी पुढच्या मोठ्या दुखण्यालाही पुरून उरते, हे तिने दाखवून दिलं, तेव्हा परदेशातले शास्त्रज्ञ सांगलीच्या विश्रामबागेतल्या तिच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेचा पत्ता विचारत आले. आणि इकडे तासगावात तिची सख्खी आई, पद्मावतीबाई, तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हती.

मगदूमांचं घर जैनांचं. दिवस मावळल्यावर अन्नपाणी नाही, उंबऱ्यावरची मुंगीही फुंकर घालून बाजूला करायची. द्राक्षबागेवर औषध मारताना ही दया कुठे जाते, असं कुणी विचारू नये. बाग जगवायचीच असते. पण अशा घरात अळ्यांना सुईने जंतू टोचणारी पोर निघाली! आळीतल्या बायका कुजबुजायच्या. पद्मावतीबाई मात्र तेवढ्यावरून रुसल्या नव्हत्या.

लेकीची प्रयोगशाळा पहिल्यांदा बघायला आल्या, तेव्हा ट्रेमधल्या मलूल अळ्या त्यांना बघवेनात. श्रद्धा कॉलेजात वर्गावर शिकवायला गेली तशी त्यांनी एकूण एक अळी पदरात घेतली आणि कुंपणाजवळच्या एरंडावर नेऊन सोडली. श्रद्धा परतली, तर तिची वर्षाची मेहनत मुंग्या ओढून नेत होत्या.

"तू मारल्यास त्या, अव्वा!" ती आईवर ओरडली. "आजारी होत्या. बाहेर जगणार होत्या व्हय?"

जिने जन्मात ढेकूण चिरडला नाही, तिला पोटच्या लेकीने हत्यारी ठरवलं. पद्मावतीबाईंनी उपास धरले आणि लेकीच्या हातचं पाणी सोडलं. रागापेक्षा शरमच जास्त होती, पण ते कबूल कोण करणार? दरवर्षी भाद्रपदातलं पर्व संपलं की क्षमावाणीला सगळे एकमेकांची क्षमा मागतात. मायलेकीही मागायच्या, हात जोडून, नजर चुकवून, परक्यासारख्या.

यंदा मोठा पुरस्कार मिळाला आणि सांगलीने श्रद्धाला डोक्यावर घेतलं. हारतुरे गाडीत तसेच टाकून ती तासगावला आली, कारण आई अंथरुणाला खिळली होती. भाऊ औषधं आणायला गेलेला, घरात दोघीच. उन्हं उतरली होती. आईचे ओठ सुकलेले बघून श्रद्धाने पाणी गाळलं आणि पेला पुढे धरला.

पद्मावतीबाईंनी पेल्याकडे बघितलं, मग लेकीकडे.

"एक इचारू? सुई टोचतीस तवा दुकतं का गं त्यास्नी?"

'न्हाई' म्हटलं असतं तर पाणी घशाखाली उतरलं असतं. शब्द श्रद्धाच्या ओठांवर आलाही होता. पण देशोदेशी भाषणं देणारी ही बाई आईशी खोटं बोलू शकली नाही.

"ठावं न्हाई, अव्वा. इतकी वर्षं बघतीय, अजून ठावं न्हाई. दुकत असंल तर ते पाप माझं. तुझं न्हाई. तुला तसं बोलले, लय चुकलं माझं."

पद्मावतीबाई रडत राहिल्या. किती वर्षांचं साचलेलं होतं, ते वाहून गेलं. डोळे पुसेपर्यंत दिवस मावळला होता.

"आता तरी घे गं," श्रद्धा काकुळतीला आली.

"आता न्हाई. नेम हाय माझा." त्यांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं. "सकाळी तूच दे. दुसऱ्या कुणाचं घ्यायची न्हाई मी."

दुसऱ्या दिवशीचं पुण्याचं भाषण श्रद्धाने रद्द केलं. सकाळी ऊन ओसरीवर आलं, तेव्हा पद्मावतीबाई उशीला टेकून बसल्या आणि त्यांनी स्वतःहून हात पुढे केला.